नव्वद अंशांची चूक

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास कॅलिब्रेशनला, म्हणजे मीटर तपासायला आलेला माणूस भट्टीच्या दारातून मागे सरकला आणि म्हणाला, "मॅडम, हा मीटर तुम्ही कधीपासून वापरताय?"

अनुपमा शेजारच्या टेबलावर प्रबंधातल्या आकृत्यांचे क्रमांक तपासत होती. शुक्रवारी तिचा प्री-सबमिशन सेमिनार होता. तो पार पडला की प्रबंध विद्यापीठात दाखल. शिरूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवता शिकवता तिने सहा वर्षं या पीएच.डी.ला दिली होती. परिशिष्टात भट्टीचं ताजं प्रमाणपत्र जोडायचं राहिलं होतं, म्हणून तिने या माणसाला बोलावलं होतं. तासाभराचं काम.

"का? काय झालं?"

"तुमचा मीटर तीनशे साठ दाखवतो तेव्हा आत चारशे पन्नास असतात. मी तीनदा बघितलं. नव्वद अंशांचा फरक येतोय."

अनुपमा उठून भट्टीपाशी गेली. त्याने स्वतःचा सेन्सर आत सोडला होता. दोन आकडे शेजारीशेजारी लुकलुकत होते. तीनशे साठ. चारशे एकावन्न.

दोन वर्षांपूर्वी भट्टीच्या आतल्या विटा बदलल्या होत्या. तेव्हा बसवलेला नवा सेन्सर दोन बोटं आखूड होता. त्याचं टोक भट्टीच्या पोकळीत पोचतच नव्हतं, भिंतीच्या विटेतच राहत होतं. दुरुस्तीनंतर लगेच तपासणी करायला हवी होती. पण जुन्या प्रमाणपत्राची मुदत चार महिने शिल्लक होती, परीक्षा तोंडावर होत्या, आणि अनुपमाने ते पुढे ढकललं होतं. मग ते राहूनच गेलं. तिचे सगळे महत्त्वाचे प्रयोग त्या दुरुस्तीनंतरचे होते.

पहिल्या पाच मिनिटांत तिच्या डोक्यात फक्त प्रबंध होता. आलेख नव्वद अंशांनी सरकवायचे, दोन तक्ते बदलायचे, रात्री जागून होईल, असा हिशेब तिने मांडलासुद्धा. मग तिला ज्ञानेश आठवला.

तिचा विषय होता ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या पिना. ट्रॅक्टरला पहिली ट्रॉली आणि पहिलीला दुसरी जोडणारी ही वीतभर लांबीची, अंगठ्याहून जाड पिन. चढावर ती तुटली तर दहा टनांची ट्रॉली मागे येते. ही पिन तुटू नये म्हणून पोलाद कसं तापवायचं, कसं तेलात विझवायचं आणि मग त्याचा ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा किती आचेवर ठेवायचं, हे अनुपमाने शोधलं होतं. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तिच्या भट्टीने तो तीनशे साठ दाखवला होता. तोच तिने शोधनिबंधात छापला, आणि तोच कागदावर लिहून केडगाव चौफुल्यावरच्या ज्ञानेशच्या वर्कशॉपला दिला. ज्ञानेशचे आजोबा गावात विळ्या-कोयत्यांना पाणी द्यायचे, तापवून-विझवून धार टणक करायचे. त्याने स्वतः नवी भट्टी घेतली होती, आणि त्याच्या भट्टीचा मीटर बरोबर होता. म्हणजे त्याने पिना खरोखरच तीनशे साठवर ठेवल्या होत्या. त्या आचेला या पोलादाचा ठिसूळपणा जात नाही, उलट वाढतो. हे अनुपमा तिसऱ्या वर्षाच्या मुलांना फळ्यावर शिकवायची.

चाचणीसाठी म्हणून त्याने अठ्ठेचाळीस पिना केल्या होत्या. प्रत्येकीवर नंबर ठोकलेला. दौंड आणि शिरूर तालुक्यातल्या चोवीस ट्रॅक्टरांवर त्या दिवाळीपासून फिरत होत्या.

"हनुमंत," तिने प्रयोगशाळेतल्या सहायकाला हाक मारली, "ज्ञानेशने नमुन्याला पाठवलेल्या दोन जादा पिना कपाटात आहेत. एकीचा तुकडा कापून दे. आत्ता."

त्या दोन पिना ऑक्टोबरमध्ये आल्या होत्या. तेव्हा तिने त्यांचा कठीणपणा मोजला होता आणि तो अपेक्षेपेक्षा बराच जास्त आला होता. वहीत तिच्याच अक्षरात शेरा होता, 'फरक मर्यादेत.' तो शेरा तिने आता दोनदा वाचला.

दुपारी एकला हनुमंतने तुकडा यंत्रात बसवला आणि वरचा जड हातोडा सोडला. पोलाद जितकं चिवट तितका आकडा मोठा; तिच्या स्वतःच्या पिना या यंत्रावर साठाच्या खाली कधी आल्या नव्हत्या. काटा चौदावर थांबला. तुटलेला भाग साखरेसारखा खडबडीत, चकचकीत दिसत होता.

हनुमंतने तुकडे उचलून तिच्या हातात दिले.

तिने गाईडना, देशमाने सरांना पुण्याला फोन लावला. सरांची निवृत्ती चार महिन्यांवर आली होती, आणि अनुपमा त्यांची शेवटची विद्यार्थिनी होती. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मीच शिकवलंय ना तुला?"

"हो सर. पण कठीणपणासुद्धा तेच सांगतोय. मी तेव्हा लक्ष दिलं नाही."

"बरं. शुक्रवारचा सेमिनार होऊ दे. शनिवारपासून शांतपणे पिना गोळा कर. समितीपुढे भट्टीचा विषय काढलास तर दीड वर्ष मागे जाशील, कळतंय का? शोधनिबंधही मागे घ्यावा लागेल."

"सर, हंगाम चालू आहे. शनिवारपर्यंत एकेक ट्रॅक्टर सात-आठ खेपा करील."



"मग पिना बदलून घे," सर म्हणाले. "पण कारण सांगत बसू नकोस. नवीन सुधारित पिना आल्यात, एवढं पुरे."

तिने फोन ठेवला, पिनांची यादी घेतली आणि स्कूटर काढली.

चौफुल्याला पोचेपर्यंत तिने वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं. सुधारित पिना, जास्त वजन पेलणाऱ्या. पण ज्ञानेशने चहा मागवला, खुर्ची पुसून दिली, आणि तिच्या तोंडून सरळच निघालं, "ज्ञानेश, मी दिलेला आकडा चुकीचा होता. पिना ठिसूळ आहेत. सगळ्या काढाव्या लागतील."

तो उभाच राहिला. "मॅडम, मी तुम्हाला तवाच म्हणलं व्हतं. आमचे आजोबा असल्या कामाला रंग निळा पडून करडा होईपर्यंत तापवायचे. तीनशे साठ कमी वाटतंय. तुम्ही म्हणला, मीटरवर विश्वास ठेव."

"म्हणाले होते."

"आन् पिनांवर माझ्या वर्कशॉपचं नाव हाय."

"माहीत आहे मला. ओरडायचं असेल तर नंतर ओरड. आधी फोन लावू या."

त्याने दाराला लाथ मारली, मग खिशातून फोन काढला. यादी मधोमध फाडून दोघांनी वाटून घेतली. 'आहे तिथं थांबा, पिन काढा, जुनी घाला.' काहींनी ऐकलं. काही हसले. एकजण म्हणाला, इतकी चांगली पिन आहे, परत कशाला देऊ? अनुपमाला प्रत्येकाला सांगावं लागलं, "ती चांगली नाहीये. माझी चूक झालीय."  

साखर कारखान्याच्या रांगेत उभे असलेले ट्रॅक्टर तिने स्वतः गाठले. भरलेल्या ट्रॉलीची पिन ओढून निघत नाही, ट्रॅक्टर इंचभर मागे घ्यावा लागतो, मग हातोडीने खालून ठोकायची. ड्रायव्हर कुरकुरायचे, रांगेतला नंबर जाईल म्हणायचे. ती ट्रॅक्टरच्या पुढे उभी राहायची आणि पिन हातात येईपर्यंत हलायची नाही. अंधार पडेपर्यंत एकतीस पिना जमल्या. बुधवारी दुपारपर्यंत शेहेचाळीस.

उरल्या दोन. छत्तीस आणि सदतीस, न्हावऱ्याच्या मारुतरावांचा ट्रॅक्टर.

"त्येंची घाई न्हाई," ज्ञानेश म्हणाला. "आठ दिवस झालं, ट्रॅक्टर घरीच उभा हाय. ड्रायव्हर बदलतायत म्हणं."

अनुपमाला दोन दिवसांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. वाटेत एका टपरीवर थांबून तिने वडापाव खाल्ला आणि संथपणे न्हावऱ्याला गेली.

मारुतराव ओट्यावर कांद्याच्या रोपांची जुडी सोडत बसले होते. सत्तरीचे, सोसायटीत दोनदा चेअरमन झालेले गृहस्थ. अनुपमाला त्यांनी ओळखलं. चाचणीसाठी पिना घ्यायला गावातून पहिले तेच तयार झाले होते.

"या मॅडम. पिनेचं विचारायला आलाय व्हय? एक हाय अजून ट्रॅक्टरला. दुसरी गेली."

"गेली म्हणजे, आबा?"

"अवो, आमचा ट्रॅक्टर पलटी झाला ना पारगावच्या पुलाच्या चढाला. म्हंजी मागची ट्रॉली. गेल्या मंगळवारी." त्यांनी जुडी खाली ठेवली. "त्या पप्पूनं गाडी दामटली. मागं स्कूटरवर मायलेकी व्हत्या. पोरगी वाचली, आईच्या पायावर ट्रॉलीचा दांडा पडला. दौंडला दवाखान्यात हाय बाई. पोलीस केस झालीय. पप्पूला मी काढून टाकलं."

अनुपमाने ओट्याचा खांब धरला. "पिन तुटली होती का?"

"तो तसंच म्हणतोय. पिन आधी तुटली, मंग ट्रॉली मागं गेली. मी म्हणलं, लेका, पिन कॉलेजची हाय. शिकल्या-सवरलेल्या बाईनं सहा वर्षं घालून केलीय. ती कशी तुटंल? पोलिसांना बी मी त्येच सांगितलं. ट्रॉली पलटी झाल्यावर झटक्यानं तुटली आसंल."

"पप्पू कुठे राहतो?"

"का?"

"आबा, माझ्याबरोबर चला. कृपा करून चला."

ट्रॅक्टरला राहिलेली छत्तीस नंबरची पिन काढून घेऊन दोघं निघाली. पप्पूचं घर वस्तीवर, कॅनॉलच्या पलीकडे होतं. पंचविशीतला, दाढी वाढलेला पोरगा. मारुतरावांना पाहून तो दारातून आत वळला.

"पप्पू," अनुपमा म्हणाली, "पिनेचा तुकडा आहे का तुझ्याकडे?"

तो थांबला. आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला तुकडा घेऊन आला. अर्धी पिन. डोक्यावर नंबर, सदतीस. तिने ती उन्हात धरली. सगळा भाग साखरेसारखा चकचकीत. झटका बसून वाकल्याची, ताणल्याची खूण कुठेच नव्हती. जराही न वाकता काडकन तुटली होती ती.

"वजन किती होतं?"

"रोजच्यासारखंच. दुसऱ्या गिअरला चढवत व्हतो. खट् आवाज आला आन् ट्रॅक्टर एकदम हलका झाला." त्याने मारुतरावांकडे न बघता पुढे सांगितलं, "मी उडी टाकली, दगड घेऊन पळालो चाकाखाली घालायला. पोचलो न्हाई."

"तुझी चूक नाही," अनुपमा म्हणाली. "आबा, त्याची चूक नाहीये. पिनच खराब होती. मी दिलेल्या आकड्यामुळे. मला काल कळलं."

 

"म्हंजी मी पोलिसांना खोटं सांगितलं," मारुतराव म्हणाले.

"तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला."

"त्येच तर म्हणतोय!" म्हातारा एकदम ओरडला. "तुमच्यावर ठेवला आन् ह्याच्यावर न्हाई ठेवला. धा वर्षं हाय हा माझ्याकडं." ते वळले आणि एकटेच बांधावरून चालायला लागले.

पप्पूने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही दुसऱ्या कुणाला सांगनार हाय का?"

या प्रश्नाला नाही म्हणणं सोपं होतं. यादीतल्या शेहेचाळीस पिना ज्ञानेशच्या वर्कशॉपमध्ये जमा होत्या, छत्तीस नंबरची तिच्या डिकीत होती, सदतीसचा तुकडा हातात होता, आणि ट्रॉली पलटी झाल्यावर पिन तुटली हे पोलिसांच्या कागदावर आधीच लिहिलं गेलं होतं. ती गप्प बसली असती तर कुणीच विचारायला आलं नसतं.

"तू चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "चौकीत जाऊ."

चौकीतल्या अंमलदाराने तिचा जबाब लिहून घेतला. मधेच पेन थांबवून त्याने विचारलं, "मॅडम, हे तुम्ही स्वतःहून देताय ना? कुणी दबाव आणलाय का?" तिने नाही म्हटलं. प्रत्येक पानावर सही करताना तिला भट्टीची ती पुढे ढकललेली तपासणी आठवत होती. पप्पू बाकावर बसून होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मी यष्टीनं जातो," आणि निघून गेला.

गुरुवारी ती दौंडला दवाखान्यात गेली. ट्रॉलीचा दांडा पायावर पडलेल्या शेवंताबाई पारगावजवळच्या, झेंडूचा मळा असलेल्या. उजव्या पायात सळ्या घातलेल्या होत्या, बाहेरून लोखंडी सांगाडा. शेजारी त्यांची मुलगी प्रांजल बसली होती. तीच त्या दिवशी स्कूटर चालवत होती. अनुपमाने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नाव, कॉलेज, पिन, नव्वद अंश.

प्रांजलच म्हणाली, "एक मीटर तपासायला किती वेळ लागतो मॅडम?"

"एक तास."

"एक तास," प्रांजलने पुन्हा म्हटलं आणि तोंड फिरवलं.

शेवंताबाईंनी विचारलं, "तुमी ह्ये सांगितलं म्हनून माझा पाय पयल्यासारखा व्हनार हाय का?"

"नाही."

"मंग कशापायी आलाय?"

 "तुम्ही ड्रायव्हरला शिव्या देत असाल," अनुपमा म्हणाली. "त्याला देऊ नका."

बाईंनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने नर्स आली आणि भेटीची वेळ संपली म्हणाली.

शुक्रवारी सेमिनारला समितीचे पाच जण होते. अनुपमाने पहिली स्लाइड भट्टीची लावली. दुसरी, सदतीस नंबरच्या पिनेच्या तुटलेल्या भागाची. पंधरा मिनिटं ती बोलली. देशमाने सर पहिल्या रांगेत खाली मान घालून बसले होते.

"म्हणजे तुमचे अडीचशे प्रयोग चुकीचे?" अध्यक्षांनी विचारलं.

"प्रयोगशाळेतल्या पिना चुकीच्या नव्हत्या सर, आचेच्या नोंदी चुकीच्या होत्या. पण भट्टीत आच सगळीकडे सारखी होती का, तेही आता सांगता येत नाही. सगळं पुन्हा करावं लागेल."

"जबाबदारी कुणाची?"

"माझी."

तेव्हा देशमाने सर उठले. "भट्टीच्या दुरुस्तीनंतरच्या अहवालावर गाईड म्हणून माझी सही आहे," ते म्हणाले. "मी तो न वाचता सही केली. आणि मंगळवारी हिने मला फोन केला तेव्हा मी हिला गप्प राहायला सांगितलं. तेही नोंदवून घ्या."

समितीने प्रबंध परत केला. शोधनिबंध मागे घेतला गेला. कॉलेजने चौकशी लावली आणि वर्षभर तिला प्रयोगशाळेच्या जबाबदारीतून काढलं. ती हनुमंतच्या परवानगीने, रविवारी, दुसऱ्या विद्यार्थ्यांची कामं संपल्यावर भट्टी वापरायची. ज्ञानेशने सहा महिने तिचा फोन घेतला नाही. मग एके दिवशी त्याने स्वतःच्या भट्टीत चारशे पन्नासवर केलेल्या चार पिना पाठवल्या, सोबत चिठ्ठी, 'आधी तोडून बघा.' पप्पूवरचा गुन्हा मागे घ्यायला आठ महिने लागले. तोवर तो शिक्रापूरला एका कंपनीत फोर्कलिफ्टवर लागला होता. शेवंताबाई काठी घेऊन चालायला लागल्या. अनुपमा दोनदा पारगावला जाऊन आली. पहिल्यांदा प्रांजलने तिला दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यांदा आत घेतलं, पाणी दिलं, पण फारसं कुणी बोललं नाही.

पावणेदोन वर्षांनी तिची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहावं प्रकरण उघडलं. "हे एका अपघाताबद्दलचं प्रकरण काढून टाकलं असतं तर प्रबंध जास्त सुटसुटीत झाला असता, नाही?"

"झाला असता, सर."

"मग ठेवलंत कशाला?"

"पिन का तुटली हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नाही."

त्यांनी पान उलटलं आणि पुढचा प्रश्न विचारला. दीड तासाने त्यांनी तिचं अभिनंदन केलं.

ती परीक्षा सगळ्यांना खुली होती. मागच्या रांगेत मारुतराव पांढरं धोतर आणि इस्त्रीचा सदरा घालून बसले आहेत, हे तिच्या शेवटी लक्षात आलं. कुणी बोलावलं होतं त्यांना, कोण जाणे. गर्दी पांगल्यावर ते पुढे आले.

"इंग्रजीत काय बोलला ते कळलं न्हाई," ते म्हणाले. "पर तुमच्या पुस्तकात त्या पप्पूचं नाव कुठं वाईट न्हाई ना आलं?"

"नाव आलंय, आबा. पिन आधी तुटली हे त्याने पहिल्यांदा सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, असं लिहिलंय. त्याला विचारूनच लिहिलं."

"कुणी ऐकलं न्हाई, आसं?"

"हो."

मारुतरावांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. "त्या पानाचा फोटो काढून द्या मला मोबाइलवर. त्याला पाठवतो. माझा फोन उचलत न्हाई तो."

अनुपमाने प्रबंध टेबलावर ठेवला, एकशे बावन्नावं पान काढलं आणि पुस्तक मिटू नये म्हणून म्हाताऱ्याला कडा धरायला सांगितल्या. त्यांनी दोन्ही हातांनी त्या दाबून धरल्या.